पायावरचा हात

करडी,
१२ जुलै २०१२

प्रिय प्रतिक्षा,

जयभीम.

खोकला जात नव्हता म्हणून भंडाऱ्याला गेलो होतो. डॉक्टरांनी आधी साधा एक्स-रे काढला, मग छातीचा सीटी स्कॅन सांगितला. तू बंगळूरला याच मशीनच्या कामात आहेस, म्हणून सगळं नीट लिहितो.

सेंटरमधल्या मुलानं माझ्या कानातलं मशीन काढून घेतलं. धातू चालत नाही म्हणे. ते काढलं की मला काहीच ऐकू येत नाही, हे सत्यवतीनं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आजी, आतमध्ये स्पीकर बोलतो ना. सांस रोको म्हटलं की रोकायची." सत्यवती म्हणाली, "स्पीकर बोलन रे बाबू, पर आयकन कोन?" मग त्यानं तिच्या अंगावर शिशाचा जड कोट चढवला आणि तिला माझ्या पायाशी उभं केलं. त्यानं काचेआडून हात दाखवला की तिनं माझा पाय दाबायचा, असं त्यांचं ठरलं. हे बोलणं तिनं मला नंतर सांगितलं. तेव्हा मी दोघांचे हात पाहत होतो.

तिनं पाय दाबला. मशीनचा पाट आत गेला, बाहेर आला. झालं.

रिपोर्टमध्ये लिहिलं आहे की उजव्या फुप्फुसात खाली एक डाग दिसतो, पण चित्र पुसट आहे, रुग्ण हलला असावा, तपासणी पुन्हा करावी.

मी हललो नाही.

धानाची रोवणी सुरू आहे. बांध्या चिखलून झाल्या आहेत आणि बाया मिळत नाहीत. पुन्हा भंडाऱ्याला जायचं म्हणजे एक दिवस जातो. शिवाय त्या पाटावर पुन्हा निजायची इच्छा नाही. फोनवर तुला विचारता आलं असतं, पण तू फोनवर बोलणार, सत्यवती ऐकणार आणि मला ओरडून सांगणार. म्हणजे मोहल्ल्याला सांगणार. डागाची गोष्ट मोहल्ल्यात नको.

सीडी सोबत आहे. डाग आहे की नाही, तेवढं सांग. पुन्हा जायचं की नाही ते त्यावर ठरवतो.

तुझे,
मोठे बाबा


बंगळूर,
२५ जुलै २०१२

मोठे बाबा,

जयभीम. सीडी मिळाली. तिच्यावर तयार चित्रं आहेत, त्यावरून मला काही सांगता येणार नाही. मशीन आमच्याच कंपनीचं आहे, म्हणून सेंटरकडून मूळ मोजमापं मागवली आहेत. तुमची संमती लागेल. त्या मुलाला तसं सांगून ठेवलं आहे, अमर टेलर भंडाऱ्याला जाईल तेव्हा त्याच्याबरोबर चिठ्ठी द्या.

तो फोटो नसतो. आपण तलावाच्या पाळीवरून फिरायचो. पाण्यात एक वाळलेलं झाड होतं. त्याच्यामागे कधी शाळा दिसायची, कधी विहार. एका जागी उभं राहून झाड किती आत आहे ते कळत नसे. फेरी मारली की कळायचं. मशीन तेच करतं. तुमच्याभोवती फिरतं, प्रत्येक बाजूनं सावली मोजतं आणि सगळ्या सावल्या जुळवून आतली वस्तू कुठे आहे ते काढतं. अट एवढीच की फेरी पूर्ण होईपर्यंत झाडानं जागा सोडायची नाही. सोडली तर मशीनला ते समजत नाही. ते एका झाडाची दोन झाडं करतं. कधी नसलेलं झाड उभं करतं.

माझं काम तिथून सुरू होतं. माणूस कसा हलला ते कळलं तर ते हलणं हिशेबातून काढता येतं. मात्र ते खरोखर कळायला हवं. चुकीचं हलणं धरलं तर चित्र स्वच्छ येतं आणि खोटं येतं. त्यापेक्षा पुसट बरं.

म्हणून विचारते. खोकला आला होता का? श्वास मध्येच सुटला का? एकदम की हळूहळू? आठवेल तसं लिहा.

बाबा जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये वारले आणि तुम्ही मला करडीला आणलंत, त्याच्या पुढच्या वर्षी ग्रहण होतं. तुम्ही बाबांच्या छातीची फिल्म कापून शाळेतल्या मुलांना वाटली होती, सूर्य पाहायला. माझ्या तुकड्यात दोन बरगड्या होत्या. काल मोजमापं उघडण्याची तयारी करताना ते आठवलं. काही वाटलं नाही. नुसतं आठवलं.

मोठ्या मायला नमस्कार.

प्रतिक्षा


करडी,
९ ऑगस्ट २०१२

प्रिय प्रतिक्षा,

जयभीम. चिठ्ठी अमरनं पोचवली.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. खोकला आला नव्हता. हात, पाय, मान, काहीही हललं नाही. हात डोक्यावर ठेवायला सांगितले होते, ते ठेवले. सत्यवतीनं पाय दाबल्यावर जे करायचं ते केलं. शेवटी श्वास थोडा सुटला असेल. म्हातारा माणूस किती वेळ धरणार. यापेक्षा जास्त आठवत नाही.

झाडाची गोष्ट समजली. ते झाड आता नाही. मागच्या वर्षी पडलं.

रोवणी आटोपली. विहारात वर्षावासाचं वाचन सुरू आहे. मी जातो. ऐकू येत नाही, पण ग्रंथ कुठे उघडला आहे ते शेजारचा गोपीचंद बोटानं दाखवतो आणि मी माझ्या प्रतीत वाचतो. वंदनेच्या वेळी अडचण होते. सगळे कधी सुरू करतात ते कळत नाही. सत्यवती शेजारी बसते. तिनं गुडघा दाबला की मी सुरू करतो. मागच्या रविवारी तिचा हात उगाच लागला आणि मी एकटाच सुरू झालो. डोळे मिटलेले असतात. उघडले तेव्हा सगळे माझ्याकडे पाहत होते. गोपीचंदनं पाटीवर लिहून दाखवलं, "गुरुजी, सिग्नल पडायच्या आधीच तुमची गाडी सुटली." पाटी लहान पोरांमध्ये फिरली. शाळेत मी कोणाला असं हसू दिलं नसतं.

खोकला आहे. तू सांगेपर्यंत भंडाऱ्याला जात नाही.

तुझे,
मोठे बाबा


बंगळूर,
३० ऑगस्ट २०१२

मोठे बाबा,

जयभीम. मोजमापं आली. तुम्ही हलला होतात. हात-पाय नाही, छाती. बरगड्यांच्या कडा दुहेरी आहेत.

तुम्ही लिहिलं की श्वास शेवटी थोडा सुटला. मी तसाच धरला. भरलेली छाती, मग हळूहळू खाली. रुग्णांचं बहुधा असंच होतं, आमचा हिशेबही त्यासाठीच बांधलेला आहे. तो लावल्यावर वरच्या बरगड्या स्वच्छ झाल्या. खालच्या थोड्या जाड राहिल्या, पण तिथे नेहमीच कठीण जातं.

डाग गेला.

छापलेलं चित्र सोबत ठेवते. डावीकडे आधीचं, उजवीकडे आताचं. मला तो डाग हलण्यामुळे आला असं वाटतं. मी डॉक्टर नाही. भंडाऱ्याच्या डॉक्टरांना एकदा दाखवा आणि ते म्हणाले तर तपासणी पुन्हा करा.

हे चित्र आमच्या साहेबांनी पाहिलं. त्यांना ते हैदराबादच्या परिषदेत दाखवायचं आहे. तुमचं नाव काढून टाकलं आहे. चालेल ना, हे विचारायला हवं म्हणून विचारते.

प्रतिक्षा


करडी,
२० सप्टेंबर २०१२

प्रिय प्रतिक्षा,

जयभीम. चित्र मिळालं. चालेल. नाव असतं तरी चाललं असतं.

भंडाऱ्याला गेलो नाही. डॉक्टर पुन्हा त्याच पाटावर निजवतील. त्यांचं मशीन पुसट दाखवतं आणि तुझं स्वच्छ, मग तिकडे कशाला जायचं? सत्यवती म्हणाली, "पोरीनंच लिवलं ना, डॉक्टरले दाखवा म्हनून? त काहून नाही जात?" मी तिला उजवीकडचं चित्र दाखवलं. ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "याच्यात मानूस कुठी आहे?"

गोपीचंदलाही दाखवलं. त्यानं पाटीवर लिहिलं, "गुरुजी, आतून तर तुम्ही चांगले दिसता."

अमर टेलरनं सदरा ढिला शिवला. माप मागच्या वर्षीचंच दिलं होतं. परत दिला तर पुन्हा तेवढाच करून आणला. आता कोणाचं काम नीट राहिलेलं नाही.

धान चांगलं आहे. काळजी करू नकोस.

तुझे,
मोठे बाबा


करडी,
२६ नोव्हेंबर २०१२

प्रतिक्षा बाई,

जयभीम. पत्रास कारण का, हे पत्र तुया मोठ्या बाबाले माहीत नाही. गोपीचंदच्या घरी बसून लिहून राहिली. माया हातचं शुद्ध नसते, हासू नको. घरी एक मास्तर हासते तेवढं पुरे.

खोकला गेला नाही. पडले का खोकला येते म्हनून भिंतीले टेकून बसतात. जेवन अर्ध्यावर आलं. मी म्हनलं भंडाऱ्याले चला, त तू धाडलेला फोटो काढून दाखवतात. "पोरीनं पाह्यलं, आता तू काय पाहतेस?" अमरले शिव्या देतात, सदरा ढिल्ला शिवला म्हनून. सदरा काहून ढिल्ला होईन? मानूस ढिल्ला झाला. पर सांगाचं कसं? हळू बोललं त आयकू येत नाही आन् मोठ्यानं बोललं त चार घरं आयकतात.

तुले फोटोत काही दिसत नाही म्हन्तेस, त नसंन. तू शिकलेली आहेस.

त्या दिवशीची गंमत त्याईनं तुले लिवली का नाही? नसंनच लिवली, लाजतात. त्या पोरानं काचेतून हात केला. मी पाय दाबला. माया मनात, श्वास रोका. त्याईले वाटलं विहारात बसून आहो. सुरू! हात डोक्यावर, डोये मिटलेले आन् खड्या आवाजात त्रिसरण, बुद्धं सरणं गच्छामि. इकडं मशीन घरघर करून राहिली, इकडं हे म्हनून राहिले. पोरगा खुर्चीतून उठून उभा झाला. त्याले वाटलं मशीनच बोलून राहिली. थांबा म्हनून मी आनखी दाबलं, त हे आनखी जोरात! दुसऱ्या फेरीतल्या संघापरेंत आले तवा मशीन थांबली. मी त त्या शिशाच्या कोटात हासू हासू घामेघूम झाली. पोरगा म्हने, "आजी, फिरसे करना पडेगा." यायनं तवर सदरा घालून घेतला.

बाकी ठीक. खोकल्याचं एखादं चांगलं औषध असंन त लिही. पत्र गोपीचंदच्या पत्त्यावर टाक.

तुयी मोठी माय,
सत्यवती


बंगळूर,
१५ डिसेंबर २०१२

मोठे बाबा,

जयभीम. हे पत्र एकट्यानं वाचा, मग मोठ्या मायला दाखवा. तिला सगळं माहीत आहे. मी फोन केला होता. तुम्हाला सांग म्हटलं तर ती म्हणाली, "मी कशी सांगू? मोठ्यानं सांगा लागते. तूच लिव." म्हणून लिहिते.

तुम्ही मशीनमध्ये त्रिसरण म्हणत होतात, हे तिच्या पत्रातून कळलं. तिच्यावर रागावू नका. तिनं गंमत म्हणून लिहिलं.

मी छातीला मोजणीचा पट्टा बांधला आणि लॅबमध्ये एकटीनं त्रिसरण म्हटलं. दुसऱ्या फेरीतल्या संघापर्यंत. श्वास तुम्ही कुठे घेता ते मला माहीत आहे. ओळ संपेपर्यंत घ्यायचा नाही आणि संपल्यावर एकदम घ्यायचा, हे तुम्हीच शिकवलंत. मी मध्येच घेतला की पहिल्यापासून म्हणायला लावायचात. ओळीबरोबर छाती खाली जाते आणि ओळ संपली की उसळी घेते. हळूहळू सुटणाऱ्या श्वासाशी त्याचा काही संबंध नाही. तो पट्टा काढला आणि ते आकडे तुमच्या मोजमापांना लावले.

वरच्या बरगड्या एक झाल्या. खालच्याही झाल्या. हृदयाची कड एक झाली. हिशेब बरोबर असल्याची ही खूण असते.

डाग आहे. उजवीकडे खाली. पहिल्या चित्रातल्यापेक्षा लहान आणि स्पष्ट. ऑगस्टमध्ये मी चुकीचा श्वास लावला, त्यामुळे तो आजूबाजूला पातळ पसरला होता. मी त्याला नाही म्हटलं. जाड राहिलेल्या बरगड्या मी तेव्हाही पाहिल्या होत्या.

ते ऑगस्टचं चित्र हैदराबादला दाखवून झालं. डाग असलेलं आणि नसलेलं, शेजारी शेजारी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवीन चित्र परवा साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, अचूकता आणखी वाढली. मी हो म्हटलं. मग जेवायची वेळ झाली होती म्हणून जेवायला गेले.

हे जुलैचं चित्र आहे. आता डिसेंबर आहे. आज तिथे काय आहे ते मला माहीत नाही.

पुढच्या शनिवारी मी येते. नागपूरला वेळ घेतली आहे. तुम्ही नाही म्हणू नका. म्हणालात तरी मी येते.

प्रतिक्षा


शहापूर,
२८ जानेवारी २०१३

प्रिय प्रतिक्षा,

जयभीम. तू परत गेलीस त्याला आता बरेच दिवस झाले. तुझं पत्र नाही. कामात असशील.

आम्ही अजून शहापूरलाच आहोत, रुचिताकडे. सत्यवतीच्या भाचीचं घर आहे, पण मला परकं वाटत नाही. हायवे समोर असल्यामुळे नागपूरची बस दारात मिळते. सोमवार ते शुक्रवार किरणं घ्यायला जातो. तिथेही आधी चित्र काढतात, डाग कालच्याच जागी आहे ना ते पाहतात आणि मग किरणं देतात. रोज चित्र. तुझ्यासारखी कोणीतरी मुलगी आतल्या खोलीत बसून पाहत असेल.

पहिल्या दिवशी नागपूरच्या डॉक्टरांनी दोन्ही चित्रं लावली होती, त्यांचं आणि तुझं डिसेंबरचं. जागा तीच निघाली. आकार तेवढाच नव्हता, वाढला होता. मग ते तुझ्याशी इंग्रजीत बोलले. बराच वेळ बोलले. तू मला कागदावर लिहून दिलंस त्या तीन ओळी होत्या. मी चाळीस वर्षं मुलांची उत्तरं वाचली आहेत. उरलेलं विचारत नाही. सत्यवतीला विचारलं होतं. ती म्हणाली, "डॉक्टर हो म्हन्ते." मी म्हटलं, कशाला हो? ती पिशवी शोधायला लागली.

तू डिसेंबरात लिहिलंस ते मी पुन्हा वाचलं. बोलणं म्हणजे हलणं, असं मला वाटलं नव्हतं. मशीनच्या आत दुसरं काही वाटलंही नव्हतं. पाय दाबला, सुरू केलं. तू स्वतःला त्याबद्दल काही म्हणू नकोस. मीही म्हणत नाही.

आता सगळं ठरलेलं आहे. तू कागदावर लिहिलंस तसंच. किरणांच्या वेळी कोणालाच आत थांबू देत नाहीत, पण चित्राच्या वेळी डॉक्टरांनी सत्यवतीला परवानगी दिली आहे. हात ठेवला की श्वास रोखायचा, हात उचलला की सोडायचा. किरणांच्या वेळी आत दिवा लागतो. दिवा विझेपर्यंत रोखायचा. सुरुवातीला घरी सराव केला. मी खाटेवर निजायचो, ती येता-जाता पायावर हात ठेवायची. भाकरी थापता थापता यायची, पिठाचा हात तसाच ठेवायची. रुचिताची पोरं हसायची. आता ती हात ठेवते आणि छाती आपोआप थांबते. विचार करावा लागत नाही. चित्र रोज स्वच्छ येतं. तिथला मुलगा अंगठा वर करून दाखवतो.

काल पौर्णिमा होती. इथल्या विहारात गेलो. कोणी ओळखीचं नव्हतं. सत्यवती नेहमीसारखी शेजारी बसली. मी डोळे मिटले. तिनं गुडघ्यावर हात ठेवला.

मी श्वास रोखला.

थोड्या वेळानं डोळे उघडले. सगळ्यांचे ओठ हलत होते. तिचेही. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझं तोंड बंद आहे हे पाहिलं आणि तिला कळलं. तिचे ओठ थांबले. तिनं हात उचलण्याची मी वाट पाहत होतो.

तिनं हात उचलला नाही. शेवटी मीच श्वास सोडला, तरी नाही.

तुझे,
मोठे बाबा